वाचक विचारतात : कबरीपाशी पडणारे प्रश्न

नोव्हेंबर जवळ आला की पत्रांचा विषय आपोआप बदलतो. कबरी झाडायच्या असतात, फुलं आणि मेणबत्त्या आणायच्या असतात, आणि वर्षभर मनात दाबलेले प्रश्न वर येतात. अशा पत्रांमध्ये तीन गोष्टींची हमखास सरमिसळ असते : बायबलमध्ये काय लिहिलं आहे, चर्चने अधिकृतपणे काय ठरवलं आहे, आणि आजीच्या गोष्टींतून, चित्रांतून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून काय कानावर आलं आहे. उत्तरांमध्ये या तीन गोष्टी शक्य तितक्या वेगळ्या केल्या आहेत. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट शिकवण जिथे वेगळी आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

माणूस मेल्याबरोबर त्याचा न्याय होतो असं शिकवतात. मग शेवटच्या दिवशी पुन्हा न्याय कशाचा? पहिला निकाल दुसऱ्या वेळी बदलतो का? (वसई)

बदलत नाही. पहिल्याला व्यक्तिगत न्याय म्हणतात, दुसऱ्याला अखेरचा किंवा सार्वत्रिक न्याय. मृत्यूच्या क्षणी प्रत्येक जीव ख्रिस्तासमोर उभा राहतो आणि त्याची दिशा तिथेच ठरते : थेट स्वर्ग, शुद्धीनंतर स्वर्ग (या शुद्धीच्या अवस्थेला शुद्धिस्थान म्हणतात), किंवा नरक. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील आणि तोच निकाल सर्वांसमोर, देहासह उघड होईल. दुसरा न्याय म्हणजे वरच्या कोर्टातलं अपील नव्हे.

हा प्रश्न सोपा असता तर पोपची गफलत झाली नसती. १३३१ साली अविन्योंमध्ये पोप बाविसावे जॉन यांनी प्रवचनांतून मांडलं, की संतांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. पॅरिसचे धर्मपंडित खवळले. हे आपलं वैयक्तिक मत आहे, चर्चची शिकवण नव्हे, असं पोप म्हणत राहिले आणि १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मागे घेतलं. त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी २९ जानेवारी १३३६ रोजी अधिकृत निर्णय दिला : शुद्ध झालेल्या आत्म्यांना पुनरुत्थानाची वाट न पाहता देवाचं दर्शन होतं. कॅथलिक शिकवण आजही तीच आहे.

मग दुसरा न्याय हवाच कशाला? याचं सर्वांत पटणारं उत्तर संत थॉमस अ‍ॅक्विनस देतात. माणूस मेला तरी त्याचं आयुष्य संपत नाही. त्याचं नाव लोकांच्या तोंडी राहतं, कधी खोट्या मोठेपणानं तर कधी खोट्या बदनामीनं. त्याची मुलं राहतात. त्यानं शिकवलेलं चांगलं-वाईट पिढ्यान्‌पिढ्या काम करत राहतं : ख्रिस्ताचं देवत्व नाकारणाऱ्या आरियसची चुकीची शिकवण त्याच्यानंतरही माणसं बहकवत राहिली, आणि प्रेषितांच्या उपदेशानं आजही कुणी विश्वासात येतो. कर्माचे सगळे परिणाम जगाच्या अंतापर्यंत पूर्ण होत नाहीत, म्हणून पूर्ण हिशेबही त्याआधी मांडता येत नाही. शिवाय पाप-पुण्य देहानंही केलेलं असतं, आणि देह अजून मातीत आहे.

बहुतेक जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्याही दोन टप्पे मानतात. १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार सांगतो, की नीतिमानांचे आत्मे लगेच देवाजवळ जातात, दुष्टांचे नरकात, आणि दोघेही महान्यायाची वाट पाहतात. तिसरी जागा नाही, असंही तो ठासून सांगतो. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी मात्र वेगळं मानते : मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत निद्रेत असतो, त्याला कसलीच जाणीव नसते. आधार म्हणून उपदेशक ९:५ दाखवतात. बाकीचे उत्तरादाखल फिलिप्पैकरांस पत्र १:२३ दाखवतात. तिथे पौल म्हणतो, की इथून सुटून ख्रिस्ताजवळ जावं अशी आपली इच्छा आहे. नुसतं झोपायचं असतं तर त्याला एवढी ओढ लागली नसती, असं आम्हाला वाटतं.

मुंबईत जागेअभावी काही काळाने कबर उघडून हाडं काढतात आणि निशमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कप्प्यात, ठेवतात. आमच्या आईच्या बाबतीत मोठा भाऊ हे होऊ देत नाही. हाडं हलवली तर पुनरुत्थानाला अडथळा येतो का? आणि दहन केलं तर? (माहीम)

अडथळा येत नाही. हा प्रश्न चर्चइतकाच जुना आहे. इ. स. १७७ मध्ये ल्यों शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांची शवं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली. आता हे उठतात का ते बघू, हीच त्यामागची खोडी होती. चर्चच्या विश्वासात त्यामुळे तसूभरही फरक पडला नाही. संत ऑगस्टीन यांनी तर याहून अवघड उदाहरणं घेतली आहेत : जनावरांनी खाल्लेली शवं, आगीत किंवा पाण्यात नाहीशी झालेली, इतकंच काय, उपाशी माणसानं खाल्लेलं माणसाचं मांस. ज्यानं शून्यातून निर्माण केलं त्याला हरवलेलं गोळा करणं जड नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख आहे. पहिलं करिंथकरांस पत्र, अध्याय १५ वाचा. पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच, असं पौल सांगतो. हाडांची जुळणी तिथे कुठेच नाही. भावाला तो अध्याय ३५ व्या वचनापासून पुढे वाचून दाखवा.

दहनाचं असं आहे. १८८६ मध्ये रोमने कॅथलिकांना दहन करण्यास मनाई केली, कारण युरोपात तेव्हा काही मंडळी पुनरुत्थान नाकारण्यासाठीच मुद्दाम दहनाचा पुरस्कार करत होती. १९६३ मध्ये ही मनाई उठली. १९८३ च्या धर्मविधी संहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यात (कलम ११७६), दफनाची शिफारस आहे, पण दहन निषिद्ध नाही. श्रद्धेला विरोध म्हणून कुणी दहन निवडलं असेल, तरच अडचण येते.

लोक चुकतात ते दहनानंतर. रोमच्या २०१६ च्या सूचनेनुसार राख कब्रस्तानात, चर्चमध्ये किंवा त्यासाठी नेमून दिलेल्या पवित्र जागी ठेवायची. घरातल्या शोकेसमध्ये ठेवायची नाही, समुद्रात किंवा नदीत सोडायची नाही, हवेत उडवायची नाही, लॉकेटमध्ये भरायची नाही, भावंडांत वाटून घ्यायची नाही. डिसेंबर २०२३ मध्ये यात थोडी सूट मिळाली : राख पवित्र जागी ठेवली असेल, तर तिचा अगदी थोडा अंश मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी ठेवण्याची विनंती चर्चचे अधिकारी विचारात घेऊ शकतात. अनेकांची राख एकत्र ठेवायची सामायिक जागाही चालते, मात्र प्रत्येकाचं नाव तिथे नोंदलेलं हवं. माणूस निनावी होऊ नये, हे या सगळ्या नियमांमागचं कारण आहे. मिश्र कुटुंबांत ‘निम्मी राख निशमध्ये, निम्मी रामकुंडात’ अशी तडजोड सुचवली जाते, ती या नियमांत बसत नाही. आधी फादरांशी बोला, दहनाच्या दिवशी वाद नको.

क्रम शक्यतो असा ठेवा : घरी प्रार्थना, चर्चमध्ये शवपेटी समोर ठेवून मिस्सा (ख्रिस्तयाग), मग स्मशान, आणि नंतर राखेची पेटी निशमध्ये. आधी दहन आणि मग राखेसमोर मिस्सा, असं करायचं असेल तर आपल्या धर्मप्रांतात त्याची मुभा आहे का, ते विचारून घ्या.

आईच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात एका प्रार्थनेखाली ‘३०० दिवस’ असं छापलंय. म्हणजे शुद्धिस्थानातले ३०० दिवस कमी होतात का? नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नक्की काय करायचं असतं? (नालासोपारा)

तसे दिवस कधीच मोजले जात नव्हते. प्राचीन चर्चमध्ये पापाबद्दल जाहीर प्रायश्चित्त असायचं, अमुक दिवस उपास वगैरे. तेवढ्या दिवसांच्या प्रायश्चित्ताइतकं फळ, असा त्या आकड्याचा अर्थ होता. लोकांनी तो तुरुंगाच्या शिक्षेसारखा वाचला. १ जानेवारी १९६७ रोजी पोप सहावे पॉल यांनी दिवस-वर्षांचं हे मोजमापच रद्द केलं. आता दंडमाफी (क्षमा झालेल्या पापाचा उरलेला दंड माफ होणं) पूर्ण असते किंवा आंशिक, आकडा नसतो. पुस्तक जपून ठेवा, आकडा विसरा.

१ ते ८ नोव्हेंबर या काळात कब्रस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात केली तरी, पूर्ण दंडमाफी मिळू शकते. ती फक्त मृतांसाठी अर्पण करता येते, स्वतःसाठी नाही, आणि दिवसाला एकच. इतर वेळी त्याच भेटीला आंशिक. अटी अशा : कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना (प्रभूची प्रार्थना आणि नमो मारिया प्रत्येकी एकदा पुरे), आणि कुठल्याही पापाची, बारीकसारीक पापाचीही ओढ मनात नसणं. एक कन्फेशन आठही दिवसांना पुरतं. ते त्याच दिवशी हवं असं नाही, आगेमागे सुमारे वीस दिवस चालतं. कम्युनियन आणि पोपसाठीची प्रार्थना मात्र दर दंडमाफीला वेगळी. गाडी अडते ती चौथ्या अटीवर. शेजाऱ्याशी बांधाचा वाद मनात धुमसत ठेवून कबरीवर मेणबत्ती लावली, तर मिळेल ती आंशिक.

याच पत्रात ‘ग्रेगोरियन मिस्सा’ विचारल्या आहेत. एकाच मृतासाठी सलग ३० दिवस, रोज एक, अशा ३० मिस्सा. ही प्रथा पोप ग्रेगरी द ग्रेट यांनी सांगितलेल्या एका प्रसंगावरून आली : तीन सोन्याची नाणी लपवून ठेवणाऱ्या युस्तुस नावाच्या भिक्षूसाठी त्यांनी ३० दिवस रोज मिस्सा करवल्या होत्या. फादर एकच असावेत किंवा चर्च एकच असावं असं बंधन नाही. फादर आजारी पडले किंवा मध्येच अंत्यविधीची मिस्सा आली आणि खंड पडला, तर पुन्हा एकपासून मोजायचं नसतं. उरलेल्या लवकरात लवकर पूर्ण करायच्या, असं १९६७ मध्ये स्पष्ट केलं गेलं. जिवंत माणसासाठी या मिस्सा होत नाहीत. आणि धर्मग्रामातल्या फादरांकडे रोजचे इतर हेतू नोंदलेले असतात, म्हणून सलग तीस दिवस मिळणं कठीण. मठात किंवा निवृत्त फादरांकडे चौकशी करा.

मिस्सेसाठी देतो ती रक्कम म्हणजे मिस्सेची किंमत नव्हे. व्यापाराचा वाससुद्धा येऊ देऊ नये, असं संहितेचं कलम ९४७ सांगतं. फादरांनी दिवसात कितीही मिस्सा केल्या, तरी नाताळ सोडून एकाच मिस्सेची देणगी ते स्वतःकडे ठेवू शकतात. ऐपत नसेल तर तसं सांगा. देणगीशिवायही गरिबांच्या हेतूसाठी मिस्सा करावी, अशी फादरांना शिफारसच आहे (कलम ९४५). २ नोव्हेंबरला प्रत्येक फादर तीन मिस्सा करू शकतात. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ही मुभा सगळीकडे मिळाली. त्यातली एक सर्व मृतांसाठी आणि एक पोपच्या हेतूंसाठी असते. त्या दोहोंत तुमच्या घरचं नाव वेगळं लावता येत नाही. फादर नाही म्हणाले तर राग धरू नका.

मी प्रॉटेस्टंट घरातून कॅथलिक घरात आले. सासरी मृतांसाठी प्रार्थना करतात, माहेरचे पाळक म्हणतात हे शास्त्राबाहेरचं. कोण बरोबर? (अहिल्यानगर)

भांडणाचं मूळ दोघांच्या हातातल्या बायबलमध्ये आहे. मक्काबींचं दुसरं पुस्तक, अध्याय १२ : लढाईत पडलेल्या सैनिकांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात आणि यहूदा मक्काबी त्यांच्या पापासाठी यरुशलेमला अर्पणाचे पैसे पाठवतो. हे पुस्तक कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांत आहे, प्रॉटेस्टंटांच्या ६६ मध्ये नाही. म्हणजे तुमचे पाळक त्यांच्या बायबलनुसार बोलताहेत आणि सासूबाई त्यांच्या.

यात १५१७ चा इतिहासही आहे. टेट्झेलसारखे प्रचारक दंडमाफीसाठी पैसे गोळा करत फिरत होते, आणि प्रॉटेस्टंट चळवळीचे जनक मार्टिन ल्यूथर यांचे ९५ मुद्दे त्याविरुद्ध होते. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थान आहे असं पुन्हा सांगितलं, पण त्याच आदेशात बिशपांना तंबी दिली, की अंधश्रद्धा, निरर्थक कुतूहल आणि पैशाचा लोभ यांना थारा देऊ नका. शुद्धिस्थानात आग किती, वर्षं किती, हे कॅथलिक चर्चनं कधीही अधिकृतपणे सांगितलेलं नाही. ते ठिकाण नव्हे, अवस्था आहे, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ मध्ये म्हटलं. अँग्लिकन ३९ कलमांपैकी २२ वं कलम मात्र शुद्धिस्थानाची शिकवण साफ नाकारतं.

हे दोन टोकांचं वाटेल, पण मधली जागा आहे. शुद्धिस्थान मानायचं नाही आणि तरीही मृताला देवाच्या हाती सोपवणारी प्रार्थना करायची, असं अनेक प्रॉटेस्टंट करतात. ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराच्या (ल्यूथरन मंडळ्यांच्या मूळ जाहीरनाम्याच्या) समर्थनार्थ लिहिलेल्या ल्यूथरन ग्रंथात तर मृतांसाठीच्या प्रार्थनेला आपण मनाई करत नाही, असं स्पष्ट आहे. तेव्हा सासरच्या मिस्सेला बसून मृताबद्दल आभार मानायला आणि त्याला देवाकडे सोपवायला तुमच्या श्रद्धेची आडकाठी नसावी. माहेरच्या स्मरण-उपासनेत सासूबाईंनी मनात मृतासाठी प्रार्थना केली तर त्यांना तिथून कुणी उठवणार नाही.

‘बायबलमध्ये पुनर्जन्म होता, ५५३ साली चर्चनं काढून टाकला’ असा मेसेज फिरतोय. खरं काय? (नाशिक)

खोटं आहे. पडताळायला सोपंही आहे. नव्या कराराच्या व्हॅटिकनस आणि सिनायटिकस या हस्तलिखित प्रती चौथ्या शतकातल्या, म्हणजे ५५३ च्या दीड-दोनशे वर्षं आधीच्या. त्यांत पुनर्जन्म नाही. पुढे काढून टाकला असता, तर त्यांत सापडायला हवा होता.

५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडले जाणारे निषेध वेगळ्या मतांबद्दल होते : देह मिळण्याआधीही आत्मे अस्तित्वात होते, आणि शेवटी सगळे, सैतानसुद्धा, देवाकडे परततील. ही मतं ओरिगेन या प्राचीन ख्रिस्ती पंडिताच्या नावावर जातात. मेसेजवाले याच ओरिगेनला पुनर्जन्माचा साक्षीदार करतात, पण मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या त्याच्या भाष्यात (पुस्तक १३) आत्म्याच्या देहांतराला त्यानं स्वच्छ नकार दिला आहे. विषय होता योहान बाप्तिस्ता म्हणजे पुन्हा आलेला एलिया (जुन्या करारातला संदेष्टा) का, हा. योहानाला लोकांनी तोंडावर विचारलं, तेव्हा तो स्वतः ‘नाही’ म्हणाला (योहान १:२१). शिवाय एलिया मेलाच नव्हता, तो वर घेतला गेला होता (दुसरे राजे, अध्याय २). तेव्हा पुनर्जन्माचं उदाहरण म्हणूनही तो चालत नाही. ख्रिस्ती शिकवण इब्री लोकांस पत्र ९:२७ मध्ये एका वाक्यात आहे : माणसाला एकदाच मरणं, मग न्याय.

माझे आईवडील हिंदू होते, देवमाणसं. ते नरकात गेले असं एका सभेत ऐकलं, तेव्हापासून झोप नाही. त्यांच्यासाठी मिस्सा करता येते का? (सोलापूर)

करता येते. कलम ९०१ नुसार फादर कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतात, जिवंत असो वा मृत. बाप्तिस्म्याची अट नाही. नाव द्यायला संकोच करू नका.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ‘लुमेन जेन्सियुम’ हा दस्तऐवज (१९६४, परिच्छेद १६) सांगतो, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे त्याची इच्छा पाळायला झटतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. काही इव्हँजेलिकल मंडळ्यांना हे मान्य नाही, ते योहान १४:६ वर बोट ठेवतात : येशूच्या द्वारे आल्यावाचून कुणी पित्याकडे येत नाही. पण अमुक व्यक्ती नरकात आहे, असं नाव घेऊन सांगायचा अधिकार कुठल्याच वक्त्याला नाही. कॅथलिक चर्चनंही आजवर कुणाचं नाव घेऊन तसं जाहीर केलेलं नाही. मत्तय २५ मध्ये राजा जे विचारतो ते भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट. उजवीकडचे लोक तिथे चकित होतात : आम्ही तुला कधी पाहिलं?

बाळ जन्मल्यावर तासाभरात गेलं, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला नाही. ते ‘लिंबो’त गेलं का? (विरार)

लिंबो, म्हणजे स्नानसंस्काराविना गेलेल्या बाळांसाठी कल्पिलेली स्वर्गाबाहेरची जागा, ही कॅथलिक चर्चनं कधीही विश्वासाची बाब म्हणून ठरवलेली शिकवण नव्हती. मध्ययुगीन पंडितांनी काढलेली ती एक वाट होती. अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं (कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ, परिच्छेद १२६१). २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाच्या दस्तऐवजातही ती तारली जातात अशी आशा धरायला भक्कम कारणं मांडली आहेत. आईवडिलांचा स्नानसंस्काराचा मानस असेल, तर बिशपांच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधीही मिळतो (कलम ११८३). तुमचा अंत्यविधी राहून गेला असेल, तर आताही बाळासाठी मिस्सा ठेवता येते.

इतरांसाठी : बाळ धोक्यात असेल तर नर्स, आजी, डॉक्टर, कुणीही स्नानसंस्कार देऊ शकतं. साधं पाणी डोक्यावर तीनदा ओतत म्हणायचं : ‘मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नानसंस्कार देते.’ ओतणाऱ्यानंच म्हणायचं, ओततानाच म्हणायचं, आणि ‘आम्ही’ नव्हे, ‘मी’. ‘आम्ही’ म्हणून दिलेला संस्कार ग्राह्य नाही, असं रोमने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पाणी केसांवर किंवा टोपीवर न थांबता कातडीवरून वाहिलं पाहिजे. नंतर धर्मग्रामात नोंद करा.

आत्महत्या केलेल्याला चर्चमध्ये अंत्यविधी मिळतो का? (पालघर)

मिळतो. १९१७ च्या संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला नकार होता, १९८३ च्या संहितेत तो वगळला. तीव्र मानसिक त्रास, भीती किंवा यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि देवाला ठाऊक असलेल्या मार्गांनी त्याला पश्चात्तापाची संधी मिळू शकते, असं धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (परिच्छेद २२८२-८३). कब्रस्तानाच्या कोपऱ्यात वेगळी जागा देण्याची भाषा कुणी केली, तर तो जुना नियमही आता राहिला नाही, हे सांगा.

प्रार्थनागटात सांगतात, आधार आणि क्यूआर कोड ही पशूची खूण, ६६६, आणि यंदाच प्रभू मंडळीला उचलून नेणार. नोकरी सोडावी का? (पुणे)

नोकरी सोडू नका. पशूची खूण आणि ६६६ हे बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकातलं, आणि तिथे प्रकटीकरण १३:१८ वाचकाला आकडा मोजायला सांगतं. इब्री अक्षरं अंक म्हणूनही वापरतात. ‘नेरोन केसर’ म्हणजे सम्राट नीरो हे नाव इब्रीत लिहून मोजा : नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. काही जुन्या प्रतींत आकडा ६१६ आहे. नावातला शेवटचा नून गाळला, लॅटिन धर्तीवर ‘नेरो’ लिहिलं, की ५० कमी होऊन ६१६ येतात. दोन्ही आकडे एकाच नावातून सुटतात, म्हणून बहुतेक अभ्यासक हा उलगडा मानतात. पहिल्या शतकात छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना तो कळत होता. त्यांना आधारचं काय?

‘उचलून नेणं’ १ थेस्सलनीकाकरांस पत्र ४:१७ वर उभं आहे. थेस्सलनीकेतल्या लोकांची काळजी वेगळीच होती : प्रभू येण्याआधी मेलेल्या आपल्या माणसांचं काय? पौल सांगतो, ते आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूला सामोरे जाऊ. त्या काळी राजा शहराकडे आला की नागरिक बाहेर जाऊन त्याला वाजतगाजत आत आणत, वेशीवर पाहुण्याला सामोरं जावं तसं. प्रभू मंडळीला आधी गुपचूप घेऊन जाईल आणि काही वर्षांनी पुन्हा येईल, ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पसरली. विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, अनेकांनी शेतातलं पीक उभं सोडलं. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, ती गेल्यावर ऑक्टोबर सांगितली. मार्क १३:३२ नुसार तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. गटप्रमुखांना ठाऊक असेल, तर त्यांच्या स्वतःच्या मुदत ठेवी मोडल्या आहेत का, एवढं विचारा.

बाबा शेवटच्या घटका मोजताहेत. फादरांना कधी बोलवावं? आत्ता बोलावलं तर बाबा घाबरतील असं भाऊ म्हणतो. (उत्तन)

आत्ताच. तेल लावण्याचा संस्कार जिवंतांसाठी आहे. श्वास थांबल्यावर बोलावलं, तर फादर प्रार्थना करतील, संस्कार देणार नाहीत. जीव आहे की नाही याची शंका असेल तर मात्र देतील (कलम १००५). आजारपणामुळे किंवा म्हातारपणामुळे धोका सुरू झाला की हा संस्कार घेता येतो. शुद्ध हरपण्याआधी बोलावण्याचं कारण साधं आहे : कन्फेशन बोलून करायचं असतं आणि शेवटचं कम्युनियन गिळता यावं लागतं. बरे होऊन पुन्हा आजारी पडले, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर संस्कार पुन्हा देता येतो. तो एकदाच मिळतो आणि घेतला की माणूस जातोच, या समजुतीमुळेच घरोघरी उशीर होतो.

तयारी फार नाही. छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, बोटं पुसायला कापूस, पेलाभर पाणी. ऑक्सिजन सुरू असेल तर मेणबत्ती पेटवू नका. कन्फेशनच्या वेळी सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं, नंतर परत यायचं. फादर कपाळाला आणि हातांना तेल लावतील आणि मरणासन्न माणसासाठीचा पोपचा विशेष आशीर्वाद देतील. घाईत तो राहून जाऊ शकतो, म्हणून आठवण करायला हरकत नाही. बाबांना गिळता येत नसेल तर हे फोनवरच सांगा, म्हणजे फादर पवित्र भाकरीचा अगदी छोटा तुकडा देतील. आयसीयूत असतील तर भेटीची वेळ आणि आत जाणाऱ्यांची मर्यादा आधीच विचारून ठेवा.